प्लग बदलले, कॉइल बदलली, तरी तिसरा सिलिंडर मिस: सीएनजी पिकअपचा हट्टी दोष शोधायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. १.२ लिटरची, चार सिलिंडरची छोटी पिकअप, पेट्रोल आणि सीएनजी दोन्हीवर चालणारी, किट कंपनीचंच. १ लाख ४० हजार किलोमीटर झालेत, त्यातले बहुतेक सीएनजीवर. नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून माळशेजमार्गे वाशीच्या बाजारात जाते. स्लोला (ॲक्सिलरेटरवर पाय नसताना) गाडी थरथरते, रेस दिली की बरीचशी गुळगुळीत होते. सीएनजीवर त्रास जास्त, पेट्रोलवर कमी, पण पूर्ण जात नाही. स्कॅनरला कोड पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचं मिसफायर, तो नीट पेटत नाही. चारही प्लग नवे टाकले, तिसऱ्याची कॉइल नवी टाकली, थ्रॉटल बॉडी आणि इंजेक्टर साफ केले, गॅसचा फिल्टर बदलला. दरवेळी दोन दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच. आता गॅरेजवाला म्हणतो, ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, बदलावा लागेल.

ईसीएमला सध्या हात लावू नका. तिसऱ्या कॉइलला हुकूम देणारं ईसीएममधलं सर्किट गेलं असतं तर बहुतेक गाड्यांत पी०३५३ असा कॉइल सर्किटचा वेगळा कोड आला असता, आणि तसा दोष रेस दिल्यावर पळून जात नाही. तुमच्याकडे रेसला इंजिन सुधारतंय. ही एक गोष्ट मला वायरींपेक्षा सिलिंडर हेडकडे जास्त नेते. माझा अंदाज आधीच सांगून टाकतो: तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट वॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाहीये, टॅपेटची गॅप, म्हणजे कॅम आणि वॉल्व्हमध्ये मोजून ठेवलेली बारीक फट, संपलेली आहे. पण अंदाजावर हेड उतरवायचं नसतं. खाली सांगतो त्या सगळ्या तपासण्या मिळून एक दिवस आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ एवढ्यात होतात, आणि त्यात नवा पार्ट एकही लागत नाही.

आधी त्या "दोन दिवस बरं वाटतं" बद्दल, कारण त्यानेच तुमचा जास्त पैसा खाल्लाय. प्रत्येक कामानंतर गॅरेजमध्ये कोड पुसला जातो किंवा बॅटरीची वायर काढली जाते. मिसफायरचा कोड पक्का व्हायला बहुतेक गाड्यांत सलग दोन ड्रायव्हिंग सायकलमध्ये (गाडी सुरू करून, चालवून, बंद केली की एक सायकल) तोच दोष दिसावा लागतो, मग चेक लाइट लागते. शिवाय इंधनाचं शिकलेलं प्रमाण शून्यावर गेल्यामुळे गाडीही थोडी वेगळी चालते. म्हणजे जो पार्ट टाकला त्याने फरक पडला असं वाटतं, प्रत्यक्षात फक्त पाटी कोरी झालेली असते. यापुढे लाइट गेली की नाही यावर निकाल लावू नका. स्कॅनरमध्ये सिलिंडरनिहाय मिसफायर काउंट दिसतो का ते बघा. बऱ्याच स्कॅनरला हा आकडा लाइव्ह डेटात किंवा मोड ०६ मध्ये (ईसीएमच्या स्वतःच्या चाचण्यांचे निकाल) मिळतो. तिसऱ्याचा आकडा स्लोला वाढतोय की नाही, हे पाच मिनिटांत समजतं, दोन दिवस थांबावं लागत नाही.

आता पी०३०३ म्हणतो काय, तर एवढंच की तिसऱ्या सिलिंडरने जोर दिला नाही. ईसीएमला आतली ठिणगी दिसत नसते. क्रँक सेन्सरवरून तो क्रँकचा वेग मोजत असतो. चार सिलिंडरच्या या इंजिनांत फायरिंग ऑर्डर साधारणपणे १-३-४-२ असते. ८०० आरपीएमला प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतो, आणि दर पेटण्याला क्रँकला एक छोटा धक्का मिळतो. तिसऱ्याच्या पाळीला तो धक्का कमी पडला की ईसीएम नोंद करतो. धक्का कमी का पडला, ठिणगी नव्हती, इंधन नव्हतं, हवा जास्त होती की दाबच तयार झाला नाही, यातलं त्याला काही कळत नाही. कोड वाचून थेट कॉइल विकणारे हा फरक करत नाहीत, आणि गिऱ्हाईकही "मशीनने दाखवलंय" म्हणून गप्प बसतं.

तुमच्या लक्षणांतच बरीच चाळणी होऊन जाते. मिस पेट्रोलवर कमी होतो पण जात नाही, म्हणजे दोष निव्वळ गॅसच्या बाजूचा नाही. रिड्यूसर (टाकीतल्या गॅसचा दाब कमी करणारा), गॅसचा फिल्टर, गॅसचे इंजेक्टर यातलं काही बिघडलं असतं तर पेट्रोलवर टाकल्याबरोबर इंजिन शांत झालं असतं. उलट बाजूने एक सावधगिरी: फक्त सीएनजीवर मिस येतो म्हणून किटच खराब, असंही धरू नये. गॅसच्या मिश्रणात ठिणगी उडवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. अशक्त कॉइल किंवा गॅप वाढलेला प्लग पेट्रोलवर निभावून नेतो आणि गॅसवर उघडा पडतो. किट ट्युनिंग करून करून थकलेल्या कित्येक गाड्यांत शेवटी प्लगच निघतो. दाब गळणाऱ्या सिलिंडरचंही तसंच. मिथेन पेट्रोलपेक्षा थोडा सावकाश जळतो, त्यामुळे दुबळ्या सिलिंडरचं दुखणं गॅसवर आधी दिसतं.

एक गोष्ट मात्र तुमच्या सांगण्यातून कळली नाही, कारण तुमच्या रस्त्यावर ती कळायचीच नाही. भरलेली गाडी तुम्ही घाट उतरवता आणि चढवता ती बहुधा रिकामी. त्यामुळे भाराखाली मिस येतो का, हे तुम्हाला नीट माहीत नसणार. एकदा भरलेल्या गाडीने चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय दाबून बघा, आणि कोणाला तरी शेजारी बसवून मिसफायर काउंट वाचायला सांगा. भाराखाली झटके वाढत असतील तर ठिणगी किंवा इंधनपुरवठा आधी पकडायचा. भाराखाली शांत आणि फक्त स्लोला थरथर असेल तर हवा गळती किंवा वॉल्व्ह. चेक लाइट लुकलुकायला लागली तर पाय काढा. लुकलुकणं म्हणजे न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा भाग) जाऊन तिथे पेटतंय, आणि कन्व्हर्टर वितळला तर आजच्या सगळ्या खर्चापेक्षा तो महाग पडेल.

आता हात काळे करायला सुरुवात.

सगळ्यात स्वस्त तपासणी अदलाबदलीची, फक्त ती डोकं लावून करायची. बहुतेक जण कॉइल दोनवर टाकतात, गाडी फिरवतात, परत येतात, मग प्लग फिरवतात, पुन्हा गाडी फिरवतात. यापेक्षा सोपं असं: तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर टाका, तिसऱ्याचा प्लग पहिल्यात घाला, आणि तिसऱ्याचा गॅस इंजेक्टर चौथ्याच्या जागी लावा. त्या-त्या जागेचे पार्ट तिसऱ्यावर आणा. वायरींचे कपलर मात्र मूळ सिलिंडरचेच राहू द्या, वायरिंग ओढून दुसरीकडे लावायचं नाही. कोड पुसा आणि गाडी चालवा. मिस दुसऱ्यावर गेला तर कॉइल, पहिल्यावर गेला तर प्लग, चौथ्यावर गेला तर गॅस इंजेक्टर. तिसऱ्यावरच ठाण मांडून बसला तर दोष अशा ठिकाणी आहे जे फिरवता येत नाही: वायरिंग, हवा किंवा कॉम्प्रेशन. "एका वेळी एकच गोष्ट बदला" हा नियम चांगलाच आहे, पण इथे प्रत्येक गोष्ट वेगळ्या सिलिंडरवर गेल्यामुळे उत्तरं एकमेकांत मिसळत नाहीत. गॅसचे इंजेक्टर एकाच रेलमध्ये जोडलेले असतील आणि सुटे होत नसतील तर ती बाजू सोडा. पेट्रोलवर मिस राहतोय, तेव्हा तसाही तो आपला पहिला संशयित नाही. गॅसचा पाइप जिथे सोडाल तिथे आधी टाकीचा हाताने फिरवायचा वॉल्व्ह बंद करा, लाइनमधला गॅस संपू द्या, आणि परत जोडल्यावर साबणाच्या पाण्याने फेस येतो का बघा. टाकीत २०० बारपर्यंत दाब असतो, त्याच्याशी अंदाजपंचे काम नको.

नवा प्लग आणि नवी कॉइल टाकलीय म्हणून तो विषय संपला असं समजू नका. प्लग बाहेर काढल्यावर खालचं टोक सगळेच बघतात, वरचा पांढरा चिनीमातीचा भाग कोणी बघत नाही. उन्हात धरून गोल फिरवा. पेन्सिलने ओढल्यासारखी एक बारीक काळी रेघ वरून खाली, धातूच्या षटकोनापर्यंत आलेली दिसली तर ठिणगी आत न जाता बाहेरूनच धातूवर उडून वाया जातेय. त्या रेघेचं प्रतिबिंब कॉइलच्या रबरी बूटच्या आतही असतं, टॉर्च मारून बूट थोडा उलटवला की दिसतं. नुसता प्लग बदलून जुना बूट तसाच ठेवला तर नव्या प्लगवर काही दिवसांत तशीच रेघ उमटते. त्याच वेळी प्लगच्या विहिरीत बोट घालून बघा. ऑइल लागलं तर टॅपेट कव्हरची पॅकिंग किंवा विहिरीचं सील गेलंय. पाणी असेल तर कोणीतरी प्रेशरने इंजिन धुतलंय.

प्लगची गॅप फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांचं माप) मोजा. "नवीन आहे, बरोबरच असणार" यावर जाऊ नका. सीएनजीसाठी गॅप साधारणपणे पेट्रोलपेक्षा कमी ठेवतात, तुमच्या इंजिनाचा आकडा गाडीबरोबरच्या पुस्तकात किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर मिळेल. इरिडियमचा प्लग असेल तर त्याचं मधलं टोक नाजूक असतं, त्यावर गेज टेकवून वाकवायला जाऊ नका. आणि प्लग ओळखीच्या दुकानातूनच घ्या. डबा हुबेहूब आणि आतला माल बनावट, हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो.

इथे एका जुन्या सवयीबद्दल कडक बोलतो. इंजिन चालू ठेवून एकेक कॉइल उपटून "कुठल्याने फरक पडत नाही" बघणं बंद करा. डिस्ट्रिब्युटरच्या जमान्यात ते चालून गेलं. आता उघड्यावर उडालेली ठिणगी कॉइल आणि ईसीएम दोन्हींना मारू शकते, आणि त्या सिलिंडरचं इंधन न जळता थेट कन्व्हर्टरमध्ये जातं. तोच प्रयोग करायचा तर इंजेक्टरचा कपलर काढा. गाडी पेट्रोलवर ठेवा आणि एकेक इंजेक्टर बंद करत जा. तिसऱ्याचा काढल्यावर आवाजात काहीच फरक पडला नाही, तर कोड खरं बोलतोय.

वायरिंगला फार वेळ देत नाही, पण टाळू नका. इंजिन स्लोला ठेवून तिसऱ्या कॉइलची आणि इंजेक्टरची वायर हलक्या हाताने हलवा, वाकवा, ब्रॅकेटला जिथे घासते तिथे दाबा. आवाज बदलला तर तिथेच थांबा. कपलरमधली पिन सैल झाली असेल तर मीटरवर व्होल्टेज बरोबर दिसतं आणि करंट जायच्या वेळी तुटतं, म्हणून नुसत्या मीटरवर विश्वास न ठेवता छोटा बल्ब लावून बघा. इंजिनाची अर्थिंगची पट्टी गंजलेली नाही ना तेही. स्टार्टर मारताना इंजिन आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये ०.२ व्होल्टच्या वर फार फरक दिसायला नको. किट बाहेरून बसवलेलं असतं तर मी वायरिंग पहिल्या नंबरवर घेतलं असतं. तिथे पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी कापून मध्ये एम्युलेटर (गॅसवर असताना पेट्रोल इंजेक्टर बंद ठेवणारा) जोडलेला असतो, आणि टेप गुंडाळलेला तो जोड दोन पावसाळे काढत नाही. तुमचं किट कंपनीचं आहे, त्यामुळे हा संशय कमी.

हवा गळतीसाठी स्कॅनरमध्ये फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम इंधन किती टक्के वाढवतोय-घटवतोय तो आकडा, बघा, शॉर्ट (तात्पुरता) आणि लाँग (शिकलेला) दोन्ही. बेरीज अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर चिंता नाही. स्लोला अधिक २० आणि २,५०० आरपीएमला अधिक ५ असं काही दिसलं तर इन्टेक मॅनिफोल्डची पॅकिंग, ब्रेक बूस्टरचा पाइप, पीसीव्हीचा (क्रँककेसमधली वाफ इन्टेकमध्ये नेणारा) पाइप तपासा. स्लोला आत जाणारी हवा कमी असते, म्हणून चोरून येणारी हवा तिथे जास्त जाणवते, रेसला ती पोटात जिरते. हे लक्षण तुमच्यासारखंच आहे, त्यामुळे वॉल्व्हवर जाण्याआधी हे मिटवा. वाचताना एक खोच लक्षात ठेवा: सिलिंडर पेटला नाही की त्यातला ऑक्सिजन तसाच सायलेन्सरकडे जातो, आणि ऑक्सिजन सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे. म्हणजे ठिणगी नसतानाही ट्रिम अधिकात जाऊ शकतो. नुसत्या ट्रिमवरून "इंधन कमी पडतंय" म्हणून पंप बदलणारे इथेच फसतात.

एवढं करून मिस तिसऱ्यावरच राहिला, तर आता मुख्य काम. आणि ते गॅरेजमध्ये सगळ्यात कमी केलं जातं, कारण त्याला स्कॅनरचा काही उपयोग नाही.

सीएनजी कोरडा जळतो. पेट्रोलचे थेंब वॉल्व्हला आणि सीटला थोडा थंडावा आणि थोडा ओलावा देतात, तो गॅसवर मिळत नाही. वर्षानुवर्षं गॅसवर चाललेल्या इंजिनात वॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू रुतत जातो, एक्झॉस्टचा जास्त. वॉल्व्ह वर सरकला की त्याची दांडी टॅपेटच्या जवळ येते आणि गॅप कमी होते. वॉल्व्ह झिजला की टॅपेट वाजायला हवेत, असा सार्वत्रिक समज आहे. इथे उलटं होतं, ते जास्तच शांत होतात. "गाडीचा टॅपेटचा आवाज अजिबात नाही" हे सीएनजी गाडीवाला अभिमानाने सांगतो तेव्हा माझे कान टवकारतात. गॅप शून्य झाली की कॅम वॉल्व्हला पूर्ण मिटूच देत नाही. बारीकशी फट राहते, त्यातून कॉम्प्रेशन निसटतं आणि पेटलेला गॅस त्याच फटीतून जाताना वॉल्व्हची कड जाळायला लागतो. स्लोला दर फेऱ्याला गळायला भरपूर वेळ मिळतो, म्हणून मिस ठळक. रेसला तोच वेळ कमी होतो, म्हणून इंजिन गुळगुळीत. तुमची लक्षणं या गोष्टीशी तंतोतंत जुळतात.

पहिली परीक्षा फुकटची. इंजिन स्लोला ठेवून वर्तमानपत्राचा एक कपटा सायलेन्सरच्या तोंडाशी, चार बोटं अंतरावर धरा. निरोगी इंजिन कागद सतत बाहेर ढकलतं. एक्झॉस्ट वॉल्व्ह गळत असेल तर कागद मधूनच आत ओढला जातो, फडफडतो. ही खूण पक्का पुरावा नाही, ठिणगी नसलेल्या सिलिंडरनेही कागद थोडा डचमळतो. पण ओढ ठाशीव असेल तर पुढच्या तपासण्या लगेच करा.

व्हॅक्युम गेज असेल तर इन्टेकला लावा. समुद्रसपाटीला चांगल्या इंजिनाचा काटा स्लोला पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांवर स्थिर असतो. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरायचा, म्हणजे जुन्नर-नारायणगावच्या उंचीवर दोनेक इंच कमी दिसणं बरोबरच आहे. वाशीतल्या मेकॅनिकने सांगितलेला आकडा आणि गावातला आकडा सारखा येणार नाही, त्यावरून भांडू नका. बघायचा तो काट्याचा ठोका. ठरावीक तालात काटा एकदम खाली टिचकी मारून परत येत असेल तर एकच सिलिंडर गळतोय.

मग कॉम्प्रेशन. इंजिन कोमट करा, अगदी तापलेलं नको, कारण गरम ॲल्युमिनियम हेडमधून प्लग काढताना आटे जातात. गॅसच्या टाकीचा वॉल्व्ह बंद, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला, कॉइलचे कपलर काढलेले, चारही प्लग बाहेर. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा, नाहीतर हवाच आत जाणार नाही आणि आकडे खोटे कमी येतील. प्रत्येक सिलिंडरला सारखेच ठोके द्या, बॅटरी दमलेली नको. पेट्रोल इंजिनाला साधारण १० ते १४ बार यायला हवेत, पण नेमक्या आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा. तीन सिलिंडरना १२ आणि तिसऱ्याला ८ आले, तर प्लग-कॉइलचा विषय तिथेच संपला. मग तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगला वर गेला तर रिंगा, जागचा हलला नाही तर वॉल्व्ह. शेजारच्या दोघांचा मिळून कमी आला तर हेड पॅकिंग.

चौघांचे आकडे जवळजवळ सारखे आले म्हणून हेड निर्दोष ठरत नाही. बारीक गळती कॉम्प्रेशन गेजला चुकवते. तेव्हा लीकडाउन करा, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते बघा. तिसरा सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर, सगळे वॉल्व्ह मिटलेले) आणा, गाडी वरच्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड, आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडा. हवेच्या जोराने क्रँक फिरू शकतो, त्यामुळे पान्हा लावलेला ठेवू नका आणि हात पुलीपासून लांब. लीकडाउनचं गेज नसेल तरी कान पुरतो. सायलेन्सरमधून सूं आवाज आला तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, थ्रॉटलमधून आला तर इन्टेक वॉल्व्ह, डिपस्टिकच्या नळीतून आला तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर पॅकिंग. थोडी हवा रिंगांतून सगळ्याच इंजिनांत जाते, तिला घाबरू नका. गेजवर २० टक्क्यांच्या वर गळती दाखवली तर मात्र काम निघालं.

शेवटी टॅपेट कव्हर उघडा आणि फिलर गेज लावा. इंजिन पूर्ण थंड, सकाळी पहिलं काम म्हणून. क्रँक पुलीच्या बोल्टने इंजिन त्याच्या फिरण्याच्या दिशेने फिरवा, कॅमचं नाक टॅपेटच्या विरुद्ध दिशेला आलं की मोजा. समजा पुस्तकात एक्झॉस्टची गॅप पाव मिलिमीटरच्या आसपास दिली आहे. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्याला ०.२० ची पाती हलक्या ओढीने जाते, आणि तिसऱ्याला ०.०५ चीसुद्धा कडेला अडते. मग शंकेला जागा राहत नाही. तिथे पातीवर जोर करून घुसवायचा मोह होतो, तो आवरा. जोर केलात की गेज पाहिजे तो आकडा सांगतं. सगळ्या वॉल्व्हचे आकडे कागदावर लिहून ठेवा, कारण तिसरा पुढे गेलाय एवढंच, बाकीचेही त्याच वाटेवर असतात. तुमच्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबाने गॅप आपोआप भरून काढणारे) असतील तर ही मोजणी लागू नाही, तिथे लीकडाउनच्या निकालावर जा.

आता दुरुस्ती कुठवर करायची? गॅप शून्य असली तरी वॉल्व्हची कड जळालेली नसेल, तर नुसती योग्य जाडीची शिम (पातळ चकती) किंवा बकेट (टॅपेटची वाटी) टाकून काम भागू शकतं. म्हणून गॅप नीट केल्यावर लगेच लीकडाउन पुन्हा करा. गळती थांबली तर हेड उतरवू नका, गाडी रस्त्यावर काढा. गळती तशीच राहिली तर वॉल्व्ह किंवा सीट जळालीय आणि हेड उतरवण्याला पर्याय नाही. मग फक्त तिसऱ्या सिलिंडरचा वॉल्व्ह घासून परत बसवण्याची काटकसर नको. आठ किंवा सोळा, जितके असतील तितके वॉल्व्ह तपासा, सीट कटिंग मशीनवर करून घ्या, वॉल्व्ह गाइडची ढिलाई बघा, ऑइल सील नवी, हेड पॅकिंग नवी. हेडचा पृष्ठभाग पट्टीने तपासल्याशिवाय लेथवाल्याला सरसकट घासू देऊ नका. हेड बोल्ट एकदाच वापरायचे असतील तर नवेच घ्या आणि पुस्तकातल्या क्रमाने, टॉर्क रेंचने, दिलेल्या अंशांपर्यंत आवळा. वॉल्व्ह आणि सीट सीएनजी मॉडेलचेच मागा, पेट्रोल मॉडेलचे दिसायला सारखे असले तरी धातू वेगळा असू शकतो. सीट कापली की वॉल्व्ह आणखी वर येतो, म्हणून जोडणीनंतर गॅप सगळ्यांची नव्याने मोजून शिमा निवडाव्या लागतात. ही पायरी गाळली तर नवं हेड काम करून घेतलेली गाडी दोन महिन्यांत परत त्याच तक्रारीने येते.

ज्यांची पिकअप डिझेलची आहे त्यांना यातलं अर्धं लागू नाही. तिथे प्लग-कॉइल नसतात. एकेक इंजेक्टर स्कॅनरने बंद करून दुबळा सिलिंडर शोधायचा, मग चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या सारख्या बाटल्यांत सोडून कोणाचं डिझेल जास्त परत येतंय ते बघायचं. कॉमन रेलच्या लाइनचे नट इंजिन चालू असताना ढिले करायचे नाहीत, तो दाब कातडीत घुसतो.

तुमच्या गाडीसाठी अजून दोन किरकोळ सूचना. पेट्रोलची टाकी रिकामी ठेवून फिरू नका. अशा बहुतेक गाड्या सुरू पेट्रोलवरच होतात, टाकी कोरडी राहिली की पंप आतून तापतो आणि इंजेक्टरमध्ये चिकट थर बसतो, मग निदान करताना पेट्रोलवरची तुलना फसवी ठरते. आणि इंजिनाचं माउंटिंग तुटलं असेल तर स्लोची थरथर हुबेहूब मिससारखी वाटते. मिसफायर काउंट शून्य आणि तरी स्टिअरिंग थरथरतंय, असं दिसलं तर इंजिनाकडे नको, माउंटिंगकडे बघा.

काम झाल्यावर कोड पुसा, गाडी आधी अर्धा तास पेट्रोलवर चालवा म्हणजे ट्रिम जागेवर येईल, मग सीएनजीवर घ्या. दोन्हीवर स्लोला आणि भरलेल्या गाडीने चढावर तिसऱ्याचा मिसफायर काउंट वाचा. टॅपेटची गॅप पुढे पुस्तकातल्या अंतराला तपासून घ्या. तुमच्यासारखी रोज भार वाहणारी आणि सतत गॅसवर चालणारी गाडी असेल तर त्याच्या थोडं आधीच. हेड उतरवावं लागलंच, तर उतरवण्याआधीचे चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशनचे आकडे आणि सगळ्या टॅपेटच्या गॅप गॅरेजवाल्याकडून कागदावर लिहून घ्या, आणि काम झाल्यावर तेच आकडे पुन्हा मोजून घेतल्याशिवाय बिल देऊ नका.